रेस दाबून ठेव

पेट्रोलचा वास आवडणारी माणसं असतात. आमच्या चाळीतली एक बाई पंपासमोरून जाताना मुद्दाम मोठा श्वास घ्यायची आणि म्हणायची, "काय बरं वाटतं वं!" मला तिच्याकडे बघवायचं नाही. तो वास आला की माझ्या जिभेखाली खारट पाणी सुटतं . इतकी वर्षं झाली, तरी रिक्षा पंपावर वळली की मी खाली उतरते आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहते. घरची माणसं हसतात. हसू देत. ती त्या गाडीत बसली नव्हती.

ऐंशी साल मागे पडून बरीच वर्षं झाली होती, नव्वद अजून यायचं होतं. आम्ही खानदेशातून सिल्वासाला आलो ते नवऱ्याच्या मावसभावाच्या सांगण्यावरून. डोकमर्डीला एका चाळीत पत्र्याची एक खोली घेतली. नवरा एका प्लास्टिकच्या कंपनीत लागला. मी दोऱ्याच्या कंपनीत पॅकिंगला. दोऱ्याचे कोन प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, पिशवी बंद करायची, खोक्यात भरायची. काम वाईट नव्हतं. मला बोलायला लागत नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात चांगलं. शाळेत असताना गुरुजींनी प्रश्न विचारला की मला उत्तर यायचं, पण तोंड उघडायचं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पण ती सवय काही सुटली नाही.

कंपनी सामरवरणीच्या पलीकडे होती. ठेकेदाराने बायांना ने-आण करायला गाडी लावली होती. जुनी अँबॅसिडर. अशा एका गाडीत किती बाया मावतात हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून पटणार नाही. मागच्या बाकावर जितक्या जणी टेकून बसत, तितक्याच त्यांच्या मांडीवर असत. बाकाचं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला होता आणि तो लुगड्यातून टोचायचा. पायाखालचा पत्रा सडला होता. त्याला दोन ठिकाणी भोकं, त्यांतून खालचा रस्ता पळताना दिसायचा. भोकांवर गोणपाट टाकलं होतं. ते गोणपाट कधीतरी पेट्रोलने भिजलं असावं, कधीतरी कोणाची सुकट त्यावर सांडली असावी, आणि पावसाळ्यात त्याच्यावर चिखल बसायचा. ते कोणी कधी धुतलं नाही. त्या गाडीत शिरताना मी रोज श्वास धरायचे, पण श्वास धरून माणूस डोकमर्डीहून सामरवरणीला जाऊ शकत नाही.

पुढे चौघे. ड्रायव्हर, दोन बाया आणि खिडकीशी ठेकेदार. ठेकेदार आमच्याच बाजूचा होता, म्हणून आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. पांढरा सदरा, पांढरी पॅन्ट, आणि गालात तंबाखू. तो चालत्या गाडीतून खिडकीबाहेर थुंकायचा. थुंकलेलं वाऱ्याने मागच्या खिडकीतून आत यायचं. मागे खिडकीशी जी बसलेली असेल ती पदराने गाल पुसायची. मी पण पुसलं आहे.

ड्रायव्हर वयस्क होता, इकडचाच, अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलायचा. सकाळी गाडी सुरू करायला तो उतारावर लावून ठेवायचा, कारण सेल्फ चालत नव्हता. किल्ली फिरवली की इंजिन नुसतं कण्हायचं. मग उतारावरून ढकलून द्यायची आणि ती धडधडत सुरू व्हायची. एकदा सुरू झाली की कंपनीचं गेट येईपर्यंत बंद करायची नाही, असा त्याचा नेम. गाडी सुरू झाल्यावर तो समोर चिकटवलेल्या देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावायचा. रोज. उदबत्ती फोटोखालच्या फटीत खोचलेली असायची आणि तिची राख ठेकेदाराच्या गुडघ्यावर पडायची.

आता पंपाचं सांगते. गाडीचा मालक वेगळा होता. त्याचा ड्रायव्हरवर विश्वास नव्हता. टाकी भरून दिली तर हा नळी घालून पेट्रोल काढून विकेल, असं त्याला वाटायचं. म्हणून रोजच्या पुरतं तेवढंच पेट्रोल भरायला द्यायचा. त्यामुळे वाटेतलं आमली गाव आलं की आम्ही सगळ्या भरलेल्या गाडीनिशी पंपावर. रोज. ड्रायव्हर खाली उतरायचा, चाकाखाली दगड लावायचा, कारण ब्रेकही धरत नव्हता, आणि टाकीचं झाकण उघडून स्वतः तिथे उभा राहायचा. इंजिन चालू. उदबत्ती चालू.

नुसतं चालू ठेवून भागायचं नाही. ड्रायव्हरचा पाय निघाला की इंजिन खोकायला लागायचं आणि विझायला बघायचं. म्हणून कोणीतरी त्याच्या जागी सरकून पायाखालचा दांडा दाबून ठेवायचा. त्याला तो रेस म्हणायचा. पुढे बसणारी एक लांब पायांची बाई ते काम करायची. तो उतरताना म्हणायचा, "बेन, रेस दाबून ठेव," आणि ती बसल्या जागेवरून सरकून पाय ठेवायची. रेस दाबली की गाडीच्या मागून काळा धूर सुटायचा. सायलेन्सर फुटलेला होता. गाडी उभी असली की तो धूर कुठे जाणार? गोणपाटाखालच्या भोकातून आमच्यात. बाहेरून पेट्रोलचा वास, खालून धूर, पुढून उदबत्ती, शेजारून कोणाची मिश्री. मी या सगळ्याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. घाण हा शब्द लहान आहे.

पंपावर पेट्रोल भरणारा एक वारली होता. तो रोज म्हणायचा, "काका, गाडी बंद कर. आन ती उदबत्ती इझव."

ड्रायव्हर म्हणायचा, "बंद करू तर धक्का तू मारशील का?"

"मालक मला वरडतो."

"ओरडू दे. अने उदबत्ती देवाची आहे. देवाच्या आगीने काय पेटत नाय."

मग तो वारली खांदे उडवायचा आणि नळी लावायचा. रोज तेच बोलणं, रोज तेच हसणं. ठेकेदार खिडकीतून म्हणायचा, "अरे, पेटलो तर सगळे सोबत जाऊ. एवढ्या बाया घेऊन स्वर्गात जायला मिळतंय कोणाला?" आणि बाया हसायच्या. हसायच्या कारण हजेरी त्याच्या हातात होती. त्या हसण्याचीही मला शिसारी यायची. माझे दातही दिसत असतील तेव्हा, हे मला ठाऊक आहे.

हे सगळं मी दीड वर्ष काढलं, तसं आणखी काढलं असतं. पण मला दिवस गेले.

पहिल्या खेपेला मी गावी होते. दिवस भरले, मी अडले, दवाखाना लांब, आणि घरातले म्हणाले सुईण आहे ना. मूल हाती लागलं नाही. त्याचं तोंड मला नीट दाखवलंही नाही. म्हणून सिल्वासाला आल्यावर मी मनात एक गोष्ट धरून ठेवली होती, नवऱ्यालाही मोठ्याने सांगितली नव्हती: दुसरं मूल इथे व्हायचं, इथल्या सरकारी दवाखान्यात. शेजारणीला बघायला मी तिथे गेले होते. खाटेवर पांढरी चादर होती आणि नर्स रात्रीही हाक मारली की येते, असं ती म्हणाली होती. मला एवढंच पाहिजे होतं.

पण नेमका नवऱ्याला तेव्हा ब्रेक मिळाला. म्हणजे माणूस कायमचा होऊ नये म्हणून कंपन्या मधेच त्याला घरी बसवत, आणि मर्जी झाली की परत बोलवत. नवरा घरी बसला, खोलीचं भाडं माझ्या पगारावर आलं. माझं काम गेलं तर खोली जाणार आणि आम्ही गावी, त्याच घरात, त्याच सुईणीकडे. आणि काम जाणार हे मला पक्कं माहीत होतं. आमच्यातली एक जण आदल्या वर्षी खोकी भरता भरता ओकली होती. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी तिला गाडीतच घेतलं नाही. "बाळंत हो, मग ये," असं खिडकीतून म्हणाला. ती बाळंत होऊन आली तेव्हा म्हणाला, "आता जागा कुठंय?"

म्हणून मला एकच करायचं होतं. नवऱ्याला परत बोलावणं येईपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. दिवसभर जमायचं. कंपनीत दोऱ्याचा वास होता, तेलाचा होता, तो चालायचा. पण सकाळी पंपावर ती गाडी उभी राहून धूर सोडायला लागली की पोटातलं सगळं गळ्याशी यायचं. मी लवंग दाताखाली धरायचे. ओव्याची पुरचुंडी कमरेला असायची. पदराचा बोळा तोंडात कोंबून डोळे मिटायचे, जणू झोप येतेय. पेट्रोल भरून ड्रायव्हर झाकण लावायचा, तो खट्ट आवाज ऐकायला माझे कान टवकारलेले असायचे. तेवढा वेळ इंजिन बंद असतं तर मला काहीच झालं नसतं.

आमच्या चाळीतली एक म्हातारी बाई त्या गाडीत माझ्याशेजारी बसायची. पारोळ्याकडची. तिला सगळ्या माय म्हणत. मिश्री लावून तिचे दात काळे झाले होते आणि ती माझ्या तोंडाशी येऊन बोलायची. एकदा तिने माझ्या कानात विचारलं, "लवंग कशाला खाती वं रोज?"

मी म्हटलं, "दाढ दुखते."

"हां," ती म्हणाली. "मला पन तीन बारी दाढ दुखली होती. तिन्ही पोरंच झाले."

मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. तिने काळे दात दाखवले आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

गाडी बंद केली की काय होतं हे आम्ही एकदा पाहिलं होतं. त्या दिवशी पंपावर आमच्या मागे कुठल्यातरी कंपनीच्या साहेबाची गाडी होती. मराठी साहेब, मुंबई-पुण्याकडचा असावा. त्याने काच खाली केली आणि म्हणाला, "अहो, इंजिन बंद करा. अक्कल आहे का? पेटून मराल सगळे." त्याच्या स्वतःच्या गाडीचं इंजिन चालू होतं. एवढं बोलून त्याने काच वर केली, आतली गार हवा जाऊ नये म्हणून. आमचा ठेकेदार मात्र साहेब बघून अर्धा उठला. "हो साहेब, हो साहेब. ए काका, बंद कर रे! किती वेळा सांगायचं!" जन्मात एकदाही सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. गाडी गप्प झाली. साहेब पेट्रोल भरून गेला. मग आम्ही सगळ्या उतरलो आणि ढकलायला लागलो. पंप सपाटीवर, पुढे थोडा चढ. हातात डबे, पदर खोचलेले, चपला चिखलात. दुकानांच्या पायऱ्यांवर चहा पिणारे पुरुष बघत होते आणि शिट्ट्या मारत होते. ठेकेदार खाली उतरला नाही. म्हणाला, "पुढं वजन पाहिजे, नाहीतर गाडी पकडत नाही." गाडीने पकडलं तेव्हा मागून काळ्या धुराचा एक लोट सुटला आणि ढकलणाऱ्या सगळ्यांच्या तोंडावर बसला. कंपनीचं गेट बंद झालं होतं, अर्धा दिवस कापला गेला. आणि मला संध्याकाळपर्यंत ओटीपोटात कळ येत राहिली. मी पिशव्या भरताना दर वेळी मोजत होते, कळ किती वेळ टिकते.

त्यानंतर सगळ्या बाया एक झाल्या. गाडी बंद करायची नाही म्हणजे नाही. पेटेल तेव्हा पेटेल, अर्धा दिवस तर आज जातो. त्या वारल्याने तोंड उघडलं की आता बायाच त्याच्यावर ओरडायच्या, "तू गप रे, नळी धर!"

म्हणजे माझ्यापुढे हे असं होतं. इंजिन चालू राहिलं तर एक दिवस मी ओकणार. बंद झालं तर ढकलावं लागणार. मी तोंडात बोळा धरून बसायचे आणि नवऱ्याच्या कंपनीच्या बोलावण्याची वाट बघायचे. ते येत नव्हतं.

मग एक दिवस ती लांब पायांची बाई आली नाही. तिच्या घरी कोणी आजारी होतं. ठेकेदाराने गाडीत नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "तू ये पुढं. तू उंच आहेस."

मी ड्रायव्हर आणि माय यांच्या मध्ये बसले. पुढची दुसरी बाईही आली नव्हती, तिच्या जागी माय आपणहून ठेकेदाराच्या शेजारी येऊन बसली होती. म्हातारी होती म्हणून ठेकेदाराचं तोंड वाकडं झालं होतं. पुढे धूर कमी असेल असं मला वाटलं होतं. धूर थोडा कमी होता, पण उदबत्ती नाकाशी होती, आणि इंजिनाची धग पायांवर येत होती, आणि ठेकेदाराने खिडकीऐवजी त्या दिवशी पायाशी ठेवलेल्या डब्यात थुंकायला सुरुवात केली होती. डबा त्याच्या पायांत डुचमळत होता. मी समोर बघत राहिले.

आमलीला पंप आला. ड्रायव्हर उतरला. दगड लावला. मग खिडकीतून आत वाकून मला म्हणाला, "बेन, अहीं सरक. रेस दाबून ठेव. सोडू नको, हां? सोडली तर सगळ्या तुला शिव्या देतील."

मी त्याच्या जागेवर सरकले. ती जागा त्याच्या घामाने ओली आणि गरम होती. ती ऊब माझ्या लुगड्यातून आत आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी पाय ठेवला आणि दाबलं. इंजिन ओरडलं. त्याच्याबरोबर मागून धूर आला. मी आणखी दाबलं तर आणखी. मागच्या बाया खोकायला लागल्या. एक म्हणाली, "थोडी कमी दाब वं बाई, मारती का?" मी कमी केली तर इंजिन लटपटलं आणि ठेकेदार ओरडला, "ए, दाब! दाब!"

बाहेर वारली म्हणाला, "काका, गाडी बंद कर."

ड्रायव्हर म्हणाला, "बंद करू तर धक्का तू मारशील का?"

मी ऐकत होते. दीड वर्ष हे ऐकत होते. पण आतापर्यंत तो धूर कोणाचा तरी होता. ड्रायव्हरचा, मालकाचा, ठेकेदाराचा. आज मी पाय दाबत होते आणि तो माझ्याच नाकात येत होता, माझ्याच पोटात उतरत होता, आणि मागे बसलेल्यांच्याही. ठेकेदार पुन्हा डब्यात थुंकला. डब्याच्या काठावर लाळेची तार लोंबली. माझ्या तोंडात ते खारट पाणी भरलं. लवंग कुठे गेली ते कळलं नाही. आता ओकणार, समोरच्या चाकावर, सगळ्यांसमोर, हे मला स्पष्ट दिसलं.

मी पाय काढून घेतला.

इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

ती शांतता मला अजून आठवते. पंपाच्या मशीनचं टिकटिक ऐकू येत होतं. रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. खिडकीतून वारा आला, साधा वारा. मी तो आत ओढला आणि तोंडातलं पाणी गिळलं. ते खाली गेलं.

मग सगळ्या एकदम ओरडायला लागल्या.

"काय केलं वं हे?"

"एवढं पण येत नाही?"

"गेला! आजचा अर्धा दिवस गेला!"

ड्रायव्हर खिडकीशी आला. त्याने किल्ली फिरवली, इंजिन कण्हलं. त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. ठेकेदार म्हणाला, "अडाणी बाईला पुढं बसवलं, माझीच चूक. चला, उतरा सगळ्या. ढकला."

मागची दारं उघडली, बाया शिव्या देत उतरल्या. मी ड्रायव्हरच्या जागेवरून सरकून परत मध्ये आले आणि बसून राहिले.

"उतर," ठेकेदार म्हणाला.

मी समोरच्या देवाच्या फोटोकडे बघत होते. उदबत्ती अजून जळत होती.

"ऐकू येत नाही का? उतर. तुझ्यामुळे बंद पडली ना? मग पहिला हात तुझा."

मी म्हटलं, "मी ढकलणार नाही."

माझा आवाज इतका बारीक होता की त्याने "काय?" म्हणून विचारलं. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना तो मोठा निघाला. मागे उभ्या असलेल्या बाया वाकून आत बघायला लागल्या. दीड वर्षात त्यांनी माझा आवाज फारसा ऐकलाच नव्हता.

ठेकेदार तंबाखू चघळायचा थांबला. "का?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याची नजर खाली गेली, माझ्या हाताकडे. हात कधी पोटावर गेला होता ते मलाच कळलं नव्हतं.

तेवढ्यात माय बोलली. ती माझ्याकडे न बघता, पुढच्या काचेकडे बघत, काळ्या दातांनी हसत बोलली. "भाऊ, तुम्ही उतरा ना. आज पुढं तिचं वजन राहू द्या. पुढं वजन पाहिजे, तुम्हीच म्हनता ना? आज तिचं दोघांचं वजन आहे."

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी हसली. शेवटी सगळ्या हसल्या. शिव्या देत उतरलेल्या बाया हसायला लागल्या. तो वारली नळी हातात घेऊन हसत होता. ठेकेदाराला त्या हसण्यात बसून राहणं जमलं नाही. तो उतरला. डबा त्याच्या पायाला लागून कलंडला आणि त्यातलं सगळं त्याच्या चपलेवर आलं. मी तोंड फिरवलं.

माय पण उतरली. म्हातारी असून ढकलायला लागली. ठेकेदाराने दोन बोटं गाडीला टेकवली, बस. ती दोन बोटंही पुरली धूर खायला. गाडीने पकडलं तेव्हा काळा लोट सुटला आणि पांढरा सदरा छातीपासून खाली राखेच्या रंगाचा झाला. बाया पुन्हा हसल्या नाहीत. आता सगळ्यांना गेट आठवलं होतं.

तो परत येऊन बसला तेव्हा मला म्हणाला, "कितवा महिना?"

मी पदर पोटावरून ओढून घेतला.

"बरं," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर थुंकला.

अर्धा दिवस सगळ्यांचाच गेला. जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी कोणी बसलं नाही, माय सोडून. तिने पण भाकरी मोडता मोडता म्हटलं, "चांगलं केलं म्हनू नको मला. तुझ्यापायी माझा पन अर्धा दिवस गेला." मग तिने तिच्या डब्यातला ठेचा माझ्या भाकरीवर घातला. संध्याकाळी चाळीपाशी उतरताना ठेकेदार पुढून म्हणाला, "उद्या येऊ नको." मला ते येणार हे माहीत होतं. नवरा दारात बसला होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "गावी पत्र टाकू का?"

मी म्हटलं, "नको." त्या दिवशी दुसऱ्यांदा मी माझा आवाज ऐकला.

आमच्या चाळीत आणि शेजारच्या चाळीत एकटी पोरं राहायची, जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. त्यांना भाकरी करता येत नव्हती आणि खानावळीचं खाऊन त्यांची पोटं बिघडायची. मी त्यांच्यासाठी भाकऱ्या थापायला लागले. पहिले काही दिवस पुरेसे डबे नव्हते, मग झाले. खोलीचं भाडं कसंबसं निघायला लागलं. ज्वारीच्या पिठाच्या वासाने मला कधी मळमळलं नाही. मळमळ उरली ती फक्त पेट्रोलच्या वासाची, आणि ती गरोदरपणाबरोबर गेली नाही. नवऱ्याला बोलावणं आलं तेव्हा मला सातवा लागला होता.

त्या दिवसांत सरकारी दवाखान्यात तपासायला मी पायी जायचे. वाटेत आमलीचा तो पंप होता. मी रस्त्याच्या पलीकडून, नाकाला पदर लावून जायचे. एकदा बघते तर पंपावर नवीन पाटी लागली होती, लाल अक्षरांत. मी वाचली. इंजिन बंद ठेवा, असं होतं, आणि बिडीवर फुली. आणि बरोबर त्या पाटीखाली तीच गाडी उभी. भोकांतून धूर येतोय, देवापुढे उदबत्ती, ड्रायव्हर टाकीशी, ठेकेदार खिडकीशी. ड्रायव्हरच्या जागेवर एक नवी मुलगी सरकून बसली होती. कोवळी होती, लग्न नुकतंच झालेलं असावं, हिरव्या बांगड्या. एका हाताने चाक धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने पदर नाकावर. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तसा चेहरा कशाचा असतो ते मला कोणी सांगायला नको होतं.

मी रस्ता ओलांडला. एरवी असं मी कधी केलं नसतं. खिडकीपाशी गेले आणि तिला म्हटलं, "पाय काढून घे गं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. पदर जरा खाली करून म्हणाली, "आणि मग धक्का तू मारशील का?"

ठेकेदार हसला. मागच्या बाया हसल्या. माझ्या ओळखीच्या होत्या त्या, बहुतेक सगळ्या. माय त्यांच्यात नव्हती, ती मधल्या काळात गावी गेली होती. मुलीने मला दाखवायलाच रेस आणखी दाबली. धुराचा लोट निघाला आणि माझ्या पायांवर आला.

मी रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकले. दोनदा. मग दवाखान्याची वाट धरली.

दवाखान्यात बायांची रांग होती. एक बाई बादली घेऊन फरशी पुसत होती, तिने फिनेल जरा जास्तच ओतलं होतं. रांगेतल्या बाया नाकाला पदर लावून कुरकुर करत होत्या, "काय घाण वास हा!" मी पदर खाली घेतला आणि मोठा श्वास घेतला. मला तो वास फार चांगला वाटला. माझा नंबर आला तेव्हा नर्सने नाव विचारलं, आणि मी ते एकदाच, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.